गणपूर्तीअभावी तहकूब

माझ्या मोठ्या बहिणीचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. तिचं गाव नागपूरहून एसटीनं दीड-दोन तासांवर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिकडच्या दवाखान्याबद्दल लिहायचं आहे आणि तिथल्या माणसांना तिथंच राहायचं आहे. ती आणि भाऊजी सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे येतात, बुधवारी सकाळी जातात. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा येतात, शनिवारी जातात. म्हणजे आठवड्यातल्या चार रात्री नागपुरात, तीन गावात. हा हिशेब मी एकदा जेवताना मोठ्यानं मांडला आणि बायकोनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

पण तो हिशेब त्या दोघांनी माझ्या आधीच केला होता. ताई म्हणायची, "माहेरी चार दिवस बरं वाटते गा. दर हप्त्याले चार दिवस नाई." भाऊजींचं दुखणं वेगळं होतं. त्यांची संत्र्याची बाग आहे. पूर्वी ते नागपूरला यायचे ते कळमन्याच्या बाजारात माल घेऊन. आमच्याकडे उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि बसायला सांगितलं की घड्याळ दाखवायचे. जावयानं सासुरवाडीत दोन दिवसांच्या वर राहू नये, असं मानणारा माणूस. आता गावातल्या पारावर त्यांना लोक विचारायचे, "काय गा, घरजावई झाला का?" ही गंमत ते आम्हाला स्वतःच सांगायचे आणि आम्ही हसायच्या आत स्वतःच हसून घ्यायचे.

अडचण पाडव्याची होती. आमच्याकडे शेतीचं साल गुढीपाडव्याला ठरतं. सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, कोण, कुणाचं वावर कुणाला ठेक्यानं द्यायचं, सगळं त्या दिवशी पक्कं होतं, आणि एकदा पक्कं झालं की वर्षभर कुणी बदलत नाही. भाऊजींच्या शेजाऱ्यानं बाग आणि वावर दोन्ही तीन सालांसाठी मागितलं होतं. द्यायचं, तर म्हशी विकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि नागपुरात दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या. न द्यायचं, तर आणखी वर्षभर हीच ये-जा, आणि ती ताईच्यानं होत नव्हती. मशीनवरून उठल्यावर तिचा बीपी पडायचा. दुसऱ्या दिवशी गावी परतताना गाडीत ती डोळे मिटून बसायची आणि कंडक्टरनं तिकिटाला हाक मारली तरी उघडायची नाही. तिला कुलूप नको होतं. ती तसं कुणाला म्हणाली नाही. फक्त नागपुरात खोल्या पाहायला निघालो की तिला त्या दिवशी बरं नसायचं.

तिसरा मार्ग एकच होता. त्यांच्या गावाजवळ, मोटरसायकलनं पंधरा-वीस मिनिटांवर, ग्रामीण रुग्णालय आहे. तिथं डायलिसिस सुरू झालं असतं तर सगळाच प्रश्न मिटला असता.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ताई आत मशीनवर होती आणि आम्ही दोघे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. भाऊजी म्हणाले, "आपल्या दवाखान्यात मशीन येऊन राहिली म्हनते."

"कोण म्हणते?"

"किराणावाला. संसदेत सांगतलं ना. पाह्यलं त्यानं."

"कधी? कोणत्या प्रश्नावर? उत्तर कुणी दिलं?"

"तुले तर बावा सगळ्याचे पुरावे लागते."

लागतात. मी एका कारखान्यात हिशेब तपासणीचं काम करतो आणि बारा वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव आहे. म्हणतात, सांगतात, ऐकलं, यावर मी सोसायटीचा पंपसुद्धा दुरुस्त करत नाही. भाऊजी तर सगळ्या वावराचा निर्णय करायला निघाले होते. मी म्हटलं, "संसदेत जे बोललं जातं ते सगळं छापतात. नेटवर असतं. मी काढतो. खरं असेल तर पाडव्याच्या आत आपल्या हातात कागद असेल."

त्या वाक्याची मला पुढे बरीच आठवण करून देण्यात आली.

मी दर मंगळवारी-शुक्रवारी त्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसू लागलो. कामाचे तास भरून काढायला शनिवार जायचा, रविवार पुन्हा संसदेत. संसदेच्या नोंदी खुल्या आहेत, हे खरं. विहीरही खुली असते. आधी सभागृह निवडा, मग कितवी लोकसभा, मग कितवं अधिवेशन, मग मंत्रालय, मग तारांकित की अतारांकित. सगळं भरलं की वाकडीतिकडी अक्षरं ओळखून दाखवा. ती चुकली की पानच कोरं होतं आणि पुन्हा कितवी लोकसभा. नुसता 'डायलिसिस' शब्द टाकला तर इतकी उत्तरं यायची की वाचायला वर्ष लागेल. जिल्ह्याचं नाव जोडलं तर एकही नाही.

म्हणून मी एकेक उत्तर उघडत गेलो. त्यांची एक ठरलेली चाल आहे. प्रश्नाचे चार भाग असतात: असं आहे का, असल्यास तपशील काय, नसल्यास कारणं काय, आणि सरकार काय करणार आहे. उत्तराचा एकच भाग असतो आणि तो चारही भागांना लागू असतो. सुरुवातीला येतं की आरोग्य हा राज्याचा विषय आहे. मग योजनेचं नाव. मग तपशील परिशिष्टात. परिशिष्ट वेगळ्या जागी असतं, आणि ते सापडलंच तर त्यात राज्यांची यादी असते. महाराष्ट्रापुढे एक आकडा. त्या आकड्यात आमच्या ताईचा दवाखाना आहे की नाही, हे देव जाणे. एका तक्त्याची मी सगळ्या राज्यांची बेरीज करून पाहिली. वाटलं, निदान चूक तरी सापडेल. बेरीज बरोबर होती. मला त्याचाच जास्त राग आला.

चर्चा वाचल्या तर पानंच्या पानं व्यवधान, म्हणजे गोंधळात अडलेलं बोलणं. कंसात व्यवधान, पुन्हा व्यवधान, मध्ये अर्धं वाक्य, पुन्हा व्यवधान. एका सदस्यानं ग्रामीण डायलिसिसचा मुद्दा फार चांगला मांडायला घेतला होता. तो कुठल्या भागाबद्दल बोलणार, हे कळायच्या आत त्याचा वेळ संपला.

मग मी आरोग्याच्या स्थायी समितीकडे वळलो. तिचे अहवाल मात्र नीट लिहिलेले असतात. समिती चिंता व्यक्त करते. मंत्रालय त्या चिंतेची नोंद घेतं. पुढच्या वर्षी समिती आपली शिफारस पुन्हा मांडते आणि मंत्रालय पुन्हा नोंद घेतं. अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात: कोण हजर होतं, कुणी साक्ष दिली, सदस्यांनी प्रश्न विचारले, अधिकाऱ्यांनी उत्तरं दिली. कोणते प्रश्न, कोणती उत्तरं? तर शेवटी एक ओळ, कामकाजाची शब्दशः नोंद ठेवण्यात आली आहे. ठेवली आहे, आपल्याला पाहता येत नाही. मी सोसायटीच्या इतिवृत्तात असं लिहिलं असतं, तर पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं असतं.

घरी बायको भाजीची पिशवी पुढे करून विचारायची, "आज संसदेले सुटी आहे का? असली तर मेथी आणून द्या."

ताई म्हणायची, "काहून डोकं फोडून घेतो गा? होईल तवा होईल." पण दर वेळी मशीनवरून उठून आली, की पाणी पिण्याआधी माझ्या लॅपटॉपकडे पाहायची. प्यायचं पाणीही तिला मोजूनच होतं. मी मान हलवायचो. मग ती घोटभर प्यायची.

फेब्रुवारी संपत आला. एका मंगळवारी भाऊजी बाकावर माझ्याशेजारी मोबाइल पाहत होते. आवाज मोठा होता. कुणीतरी म्हणत होतं, अध्यक्ष महोदय, माझ्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात...

"हे काय आहे?"

"तेच ते. संसदेतलं. किराणावाल्यानं गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं."

मी मोबाइल त्यांच्या हातातून जवळजवळ ओढला. खाली पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हिवाळी अधिवेशन, नागपूर.

"भाऊजी, ही विधानसभा आहे."

"मंग?"

"तुम्ही संसद म्हणाला होतात."

"माइक आहे, बाक आहे, एकमेकावर ओरडून राहिले. मंग संसदच होय ना?"

"हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलं?"

"तू इचारलं कुठी? तू इचारलं, तारीख काय, प्रश्न कोनता. मोबाइलात काय आहे, हे कोनी इचारलं?"

समोरच्या बाकावरच्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पट्टीवर तारीखही होती. ती पाहून माझा उरलासुरला धीर गेला. डिसेंबरातला तो मंगळवार मला पाठ होता. अधिवेशन भरलं की नागपूरकर काय भोगतो, हे नागपूरकरालाच ठाऊक. त्या दिवशी तीन मोर्चे होते. पोलिसांनी आमचा ऑटो एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्याकडे पाठवला, तिथून पुन्हा पहिल्याकडे. ताईच्या ठरलेल्या वेळी तिच्या मशीनवर दुसऱ्या पेशंटला घेतलं आणि ती दुपारपर्यंत खुर्चीत बसून राहिली. मी ऑटोतून त्या अधिवेशनाला तोंडभरून शिव्या दिल्या होत्या. आणि आम्ही जिथं अडलो होतो तिथून हाकेच्या अंतरावर, बहुधा त्याच वेळी, तिच्याच मशीनचा विषय चालला होता. तो मी दोन महिने दिल्लीत शोधत होतो.

त्याच दिवशी ऑफिसला जाताना मी सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनावर गेलो. अधिवेशन इथं झालं, तर त्याची नोंदही इथं असणार, असा माझा साधा हिशेब. फाटकावरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय पाह्यजे साहेब?"

"कामकाजाची नोंद. डिसेंबरातली."

"ते सारे गेले ना साहेब मुंबईले. कागदं बी गेले. आता डिसेंबरात या."

"मग आत काय आहे?"

त्यानं खरंच विचार केला. "खुर्च्या आहेत," तो म्हणाला.

शेवटी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं कामकाज मिळालं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेलं की ही प्रत असुधारित आहे आणि प्रसिद्धीसाठी नाही. म्हणजे जगाला उघडी ठेवून वर सांगायचं की वाचू नका. पानं फोटो काढून चढवलेली, त्यामुळे शब्द टाकून शोधता येत नाही. काही पानं आडवी. मी लॅपटॉप आडवा धरून वाचत होतो तेव्हा बायको म्हणाली, "आता मान मोडली का?" लक्षवेधी सूचनांच्या अगदी शेवटी तो विषय होता. सगळा मिळून पाऊण पान.

उत्तर असं होतं की त्या रुग्णालयात दोन मशिनी पोचल्या आहेत. डायलिसिसला लागणाऱ्या शुद्ध पाण्याची खोली आणि नळजोडणी बाकी आहे. ते काम रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या मंजुरीनं करायचं असून समितीची सभा होताच ते सुरू होईल. कधीपर्यंत, असं सदस्यानं विचारलं होतं. लवकरात लवकर. मग पुढचा विषय.

मी ते पाऊण पान छापून ताईला वाचून दाखवलं. भाऊजी म्हणाले, "म्हनजे किराणावाला खोटं नाई बोल्ला."

"नाही. पण मशिनी डिसेंबरच्या आधीच आल्या आहेत. आता मार्च आहे. मग ही समिती करतेय काय?"

भाऊजींनी खांदे उडवले. मी बुधवारची रजा टाकली आणि त्यांच्यासोबत गावाला गेलो. ताईला घरी सोडलं आणि आम्ही दोघे मोटरसायकलनं दवाखान्यात.

कार्यालयातल्या बाई चाळिशीच्या, कामाला कंटाळलेल्या, पण वाईट नव्हत्या. मी छापील पान पुढे ठेवलं आणि समितीची इतिवृत्तं पाहायची आहेत म्हणालो. त्यांनी ते पान उलटंसुलटं करून पाहिलं. "हे तुम्ही कुठून काढलं?" मी सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "राहू द्या. बसा. इथंच पाहा. झेरॉक्स पाहिजे तर अर्ज करा." फाइल माझ्यापुढे आली. भाऊजींना खोलीत गुदमरत होतं; ते बाहेर व्हरांड्यात गेले.

इतिवृत्त वाचायची मला सवय आहे. हे वाचायला फार वेळ लागला नाही. दसऱ्यापासून पाच सभा बोलावलेल्या होत्या. पाचही पानांवर विषय क्रमांक दोन एकच: डायलिसिस कक्षासाठी पाण्याची खोली व नळजोडणी. आणि पाचही पानांवर खाली एकच ओळ: गणपूर्तीअभावी सभा तहकूब.

"मॅडम, कोरम किती?"

"नऊचे पाच."

"आणि येतात किती?"

"चार. दर वेळी चार." त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. "एक पद रिकामं आहे. एक वारले. एक मुलाकडे पुण्याला गेले ते गेलेच. एका साहेबांची त्याच वेळी दुसरीकडे मीटिंग असते. आणि एक आहेत, ते येतच नाहीत."

"पण तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी घेता येते. तिला कोरम लागत नाही. आमच्या सोसायटीत..."

"तुमच्या सोसायटीत असेल."

मी नियमावली मागितली. त्यांनी दिली. मी ती सगळी वाचली. खरंच त्यात तसं काही नव्हतं.

"मग या पाचव्या माणसाला कुणी सांगत का नाही?"

"नोटीस पाठवतो ना! शिपाई घरी घेऊन जातो. घराला कुलूप. दाराखालून सरकवून येतो." त्यांनी फाइल आपल्याकडे ओढली आणि हजेरीचं पान काढून माझ्यापुढे धरलं. "हे पाहा. हे गृहस्थ. कूलर दिला म्हणून घेतलं होतं समितीवर."

सातव्या ओळीत माझ्या भाऊजींचं नाव होतं. पुढे सहीची जागा कोरी. मी मागची चार पानंही पाहिली. सगळीकडे कोरी.

व्हरांड्याच्या टोकाला तो पाण्याचा कूलर होता, भाऊजींच्या आईच्या स्मरणार्थ दिलेला. त्यावर तसं लिहिलेलंही आहे. भाऊजी त्याच्यापुढे उकिडवे बसून तोटी घट्ट करत होते. "गळून राहिली," ते म्हणाले. "चार थेंबासाठी कोनी वाकत नाई."

"भाऊजी, तुम्ही रुग्ण कल्याण समितीवर आहात?"

"हाव, आहो ना. कूलर देल्ला तवा घेतलं मले."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगाचं? दोन-तीन डाव गेलो मी. चहा, बिस्किट, अन् भिंतीले कोनता रंग द्याचा. मंग तुह्या बहिनीचं सुरू झालं. मंग कोन जाते?"

"सभा कोणत्या दिवशी असते?"

"शुक्रवारी. आठवडी बाजार असते ना इथी. खेड्यावरचे मेंबर बाजाराले येतेच, मंग त्याच दिवशी..." ते थांबले. तोटी हातात तशीच होती.

"आणि नोटिसा?"

"शनिवारी सापडते दाराखाली. झालेल्या सभेची नोटीस कोन वाचते गा?"

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तो माणूस तसाच उकिडवा बसून राहिला होता आणि त्याच्या हातावरून पाणी गळत होतं.

घरी ताईला सांगितलं. ती खाटेवर बसून मेथी निवडत होती. खाली कागद पसरला होता. मी वाकून पाहिलं, तर ती नोटीस होती, फेब्रुवारीची.

सगळं ऐकून तिनं हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हनजे इथी मशीन नाई म्हून हे माह्यासंगं नागपूरले जाऊन राहिले, अन् हे नागपूरले जाऊन राहिले म्हून इथी मशीन नाई."

"असंच."

"अवो," ती नवऱ्याकडे वळली, "तुमची एक सही पाह्यजे होती, अन् माहा भाऊ दिल्लीपर्यंत जाऊन आला."

"मले वाटलं रंगरंगोटीची समिती आहे वं."

"अन् शुक्रवारी माह्यासंगं तुम्हीच पाह्यजे, असं कोनी सांगतलं? हा नाई का तिथी? बाकावर बसून तर राह्यतेच."

भाऊजी म्हणाले, "चार दिवस त्याच्या घरी खाचं अन् वरून त्याले रजा टाकाले लावाची? जावयाले शोभते का हे?"

"पाच सभा बुडवल्या, ते शोभते?"

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट घोळत होती. मी त्या बाकावर दर शुक्रवारी असायचोच. त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं की आज तू एकटा थांब, तर मी थांबलो असतो. ते म्हणाले नाहीत. मीही कधी म्हणालो नाही, भाऊजी, तुम्ही या वेळी गावातच राहा. जावयाला असं कसं म्हणायचं? त्याला राग यायचा. आम्ही दोघे एकमेकांचा मान राखत बाकावर बसलो होतो आणि तिकडे मशिनी खोक्यात होत्या.

पुढची सभा पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी होती. नोटिशीची वाट न पाहता मी त्या बाईंना फोन करून वेळ विचारून घेतली आणि भाऊजींना म्हटलं, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतली नाही, पण गेले. ताईला नागपुरात मी घेऊन गेलो. मशीन सुरू व्हायच्या आधी तिनं मला आत बोलावून विचारलं, "गेले ना ते?" मी म्हटलं, दोनदा फोन केला, बाजारात पोचलेत. "बाजारात कायले? दवाखान्यात जा म्हना." मी तिसरा फोन केला.

दुपारी त्यांचा फोन आला. मागे बाजाराचा गोंधळ होता. कुणीतरी कांदे ओरडून विकत होतं.

"पाच झालो," भाऊजी म्हणाले. "कोरम झाला."

"मग?"

"पहिले मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं."

"त्यात काय होतं?"

"सभा झाली नाई, हे होतं. ते सगळ्यायनं कायम केलं."

"बरं. पुढे? पाण्याची खोली?"

"मंजूर. एका मिनिटात. कोनी काही बोल्लंच नाई. मंग चहा आला."

मी बाकावरून उठलो. समोरच्या बायकांनीही पाहिलं. "म्हणजे काम सुरू?"

"तसं नाई. हे आता पुढच्या सभेत कायम व्हाले पाह्यजे. त्याच्यानंतर कामाचा आदेश."

"पुढची सभा कधी?"

"पुढच्या महिन्यात. शुक्रवारी."

"भाऊजी, वार बदला म्हणायचं ना!"

"म्हटलं ना बाप्पा. तर म्हनते, तो ऐन वेळचा विषय होते. लेखी द्या, पुढच्या सभेत ठेवतो."

मी बाकावर परत बसलो. ताई मशीनवरून उठून आली तेव्हा तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं, कारण मला गोड करून सांगता येत नाही. ती ऐकत राहिली. मग तिचं घोटभर पाणी प्यायली.

पाडवा गावातल्या दिवसांत आला. मी आणि बायको तिकडेच गेलो. गुढी उभी झाली, जेवणं झाली, आणि दुपारी शेजारी आला, ठेक्याचं पक्कं करायला. ओसरीवर बसला. भाऊजींनी सुपारी कातरायला घेतली आणि नुसती कातरत राहिले. गेल्या आठवड्यापर्यंत ते होच म्हणणार होते, हे मला माहीत होतं. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी काय सांगणार? माझ्या हातात पाऊण पान होतं, एक मंजूर झालेला पण कायम न झालेला ठराव होता, आणि 'लवकरात लवकर'. यावर मी कुणाला वावर राखून ठेवा असा सल्ला दिला नसता.

आतून ताईच बोलली. "यंदा नाई देत गा. पुढच्या साली पाहू."

शेजारी म्हणाला, "वहिनी, तुमची तब्येत..."

"तब्येत आहे तशी आहे. आमचे हे समितीवर आहेत. शुक्रवारी त्याईले गावात राहावं लागते."

शेजाऱ्यानं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी त्याच्यापुढे सुपारी केली. "हाव," ते म्हणाले. "कोरमचा प्रश्न असते."

तो गेल्यावर ताई मला म्हणाली, "तू शुक्रवारची रजा टाकून ठेव."

"पुढच्या महिन्यातली ना?"

"सगळेच टाकून ठेव. तारीख पुढंमागं केली त्यायनं, तर?"

माझी बायको म्हणाली, "ताई, यांच्या रजा आता संपत आल्या."

"मंग कमी कर म्हना संसदेत बसनं," ताई म्हणाली.

हे लिहितो आहे तेव्हा मशिनी अजून खोक्यातच आहेत. मी वार बदलण्याबद्दल लेखी अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. उद्या शुक्रवार आहे आणि सभाही उद्याच आहे. भाऊजी या वेळी ताईसोबत आलेले नाहीत, गावातच थांबले आहेत. मी आज त्यांना दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा ते वैतागून म्हणाले, "आहो ना गा घरीच! कुठी जाऊन राहिलो?"